फळी का फुटते?

बसा, बसा. चहा सांगितलाय, येईलच. तो येईपर्यंत माझ्या फजितीचा एक ताजा मासला ऐकवतो. घरात हा विषय काढायला बंदी आहे आणि दुकानात गिऱ्हाइकंच काढतात, त्यामुळे मला मुद्दाम काढावा लागत नाही. पण तुम्ही लांबून आलात. तुम्हाला अस्सल माल मिळायला हवा, आणि या फजितीचा उत्पादक मीच आहे.

आधी एक शब्द पक्का करून घ्या. फळी. आमच्या प्लायवुडच्या धंद्यात फळी म्हणजे कपाटातली आडवी फळी, जिच्यावर तुम्ही डबे ठेवता, पुस्तकं ठेवता. इतिहासात फळी म्हणजे सैनिकांची रांग. खांद्याला खांदा, ढालीला ढाल. दोन्हींचं काम एकच, भार पेलायचा. आणि दोन्ही कधी ना कधी फुटतात. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी लालबागचा. दहावीला शाळा सुटली आणि वाचन त्यानंतर लागलं. त्याला कारण आमचं दुकान. भाद्रपदात दर्शनाची रांग आमच्या शटरला घासून जाते. तेवढे दिवस धंदा जवळजवळ बंद. मग करायचं काय? स्टूल टाकून रांग बघायची. बघता बघता माझ्या ध्यानात आलं की अगदी पुढच्याला सगळं दिसत असतं, म्हणून तो शांत असतो. मधला नुसता सोसत असतो. आणि शेवटचा, ज्याला पुढच्याच्या टाळूशिवाय काही दिसत नाही, तो सगळ्यात जोरात रेटत असतो. का बरं? त्याच्या रेट्याने देव दोन पावलं पुढे येणार असतो का?

हा 'का' डोक्यात शिरला तो निघेना. मग एकदा रद्दीवाल्याकडे जुन्या काळच्या लढायांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. मोबाइलवर शब्द शोधत शोधत वाचलं. आणि काय सांगू, त्यात माझाच प्रश्न! ग्रीकांचं, रोमनांचं पायदळ फळी धरून लढायचं, एकामागे एक रांगा. आता मागच्या रांगांतले लोक नेमकं करत काय होते? एक पंडित म्हणतो, ते पुढच्याच्या पाठीला ढाल लावून रेटत होते, लढाई म्हणजे निव्वळ रेटारेटी. दुसरा म्हणतो, छट्, असं कुणी रेटतं का? ते फक्त मागे उभे होते, पुढच्याने पळून जाऊ नये म्हणून. म्हणजे रेटा की धाक, हा वाद. आणि वाद घालणारे सगळे खुर्चीत बसलेले.

मी अर्थातच रेटा पक्षाचा. लालबागच्या माणसाला दुसरा पक्ष असूच शकत नाही.

धाक पक्षाचा होता फ्रान्सिस. हा माझा माझगावचा दोस्त. आयुष्यभर गोदीत बोटी दुरुस्त केल्या, आता निवृत्त होऊन दर रविवारी चर्च आटोपलं की माझ्या दुकानात येऊन मला दुरुस्त करतो. "सुर्व्या," तो म्हणायचा, "तुझ्या पाठीला मी ढाल लावून ढकललं तर तू पुढच्याला मारणार का मागे वळून मला?" वाद तसाच लोंबकळत राहिला असता आणि आमचं आयुष्य सुखात गेलं असतं. पण मध्ये आले वर्तक सर.

वर्तक सर म्हणजे गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयाचे कार्यवाह. निवृत्त संस्कृत शिक्षक, पांढरा शर्ट, आवाज कधी चढत नाही, पण समोरच्याला आपल्या शर्टाचं बटण तपासावंसं वाटतं. त्यांच्या सभागृहातली जुनी सागवानी कपाटं वाळवीने खाल्ली, तेव्हा नवी कपाटं माझ्या प्लायवुडची झाली. माल उतरला त्या दिवशी वर्तक सरांनी एकेक फळी बोटाच्या पेराने ठोकून ऐकली होती. मी म्हणालो होतो, "सर, एकोणीस एमएम आहे. हत्ती उभा करा, वाकणार नाही." ते म्हणाले होते, "हत्ती आमचे सभासद नाहीत."

या वाचनालयाची दरवर्षी व्याख्यानमाला असते. प्रोफेसर, डॉक्टर, कर्नल असली माणसं बोलतात. मी वर्षानुवर्षं तिसऱ्या रांगेत बसून ऐकत आलो. यंदा एक वक्ते ऐन वेळी परदेशात मुलाकडे गेले आणि एक संध्याकाळ रिकामी पडली. हे कानावर आलं तसं मी दुकानाचं शटर ओढलं. मी सरळ जाऊन म्हणालो, "सर, मी बोलू?"

"विषय?"

"फळी का फुटते."

वर्तक सरांनी चष्मा काढून पुसला. "सुर्वे, आपल्याकडे इतिहास, साहित्य असे विषय असतात. सुतारकामाचे नाही."

मी गडबडीने खुलासा केला. ग्रीक, रोमन, रांगा, रेटा, धाक, सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही जे सांगताय ते पुस्तकात आहे. पुस्तकं आमच्याकडे भरपूर आहेत. तुमचं स्वतःचं काय?"

आता बघा, माणसाने इथे गप्प बसावं की नाही? पण धंदेवाईक माणसाच्या तोंडाला एक खोड असते. गिऱ्हाइकाने "आहे का?" विचारलं की आधी "आहे" निघतं, मग गोडाऊन बघायचं. नसलं तर शेजारच्या दुकानातून आणायचं, पण "नाही" म्हणायचं नाही. मी म्हणालो, "आहे ना सर. प्रयोग आहे. रविवारी सकाळी लालबागला या, डोळ्यांनी बघा. पटलं तर संध्याकाळ मला द्या, नाहीतर मी आपला तिसऱ्या रांगेत."

ते म्हणाले, "येतो."

म्हणजे माझी ती मंचावरची खुर्ची आता एका रविवारावर आली. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "ह्या वयात शोभता काय तुमका? पडलात तर मी उचलूक येवचंय नाय." ती कुडाळची. रागावली की मालवणीत शिरते आणि मग तिथून तिला बाहेर काढता येत नाही.

प्रयोगाला माणसं हवीत. ती माझ्याकडे होती. आमच्या चुलत्यांच्या चाळीचं गोविंदा पथक. त्यांचे टी-शर्ट दरवर्षी माझ्याकडून असतात, त्यामुळे मला नाही म्हणणं त्यांना जड जातं. पथकाचा मास्तर मंगेश, कुरिअरच्या हपिसात असतो, बैलासारखा खांदा. त्याला म्हटलं, "मंग्या, लढाई करायची आहे."

"कुणाशी?"

"आपसात."

"मग प्रॉब्लेम नाय, शेठ."

ढाली मी बनवल्या. आता ऐका, इथे माझी छाती फुगली होती. रोमन सैनिकाची ढाल कशाची असायची माहीत आहे? लाकडाच्या पातळ पट्ट्या एकीवर एक आडव्या-उभ्या चिकटवून केलेली. म्हणजे काय? म्हणजे प्लायवुड! दोन हजार वर्षांपूर्वी आमचा धंदा होता, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात जाडीसुद्धा दिली होती, साधारण सहा एमएम. माझ्याकडे सहा एमएमचे तुकडे पडून होतेच.

फ्रान्सिस म्हणाला, "सहा एमएम? ते तर तू कपाटाच्या पाठीला लावतोस. तिथे झुरळसुद्धा टेकून बसत नाही."

मी म्हणालो, "शास्त्र म्हणजे शास्त्र."

"आणि ग्रीकांची ढाल गोल असते ना रे? तू चौकोनी कापतोयस."

"गोल कापली तर कोपरे वाया जातात."

ढालींना ड्रॉवरच्या मुठी बसवल्या. भाले म्हणून बांबू घेतले आणि टोकाला जुने मोजे बांधले. आणि एक गोष्ट केली, जी आठवली की अजून घाम येतो. एवढा मोठा कोरा पृष्ठभाग समोर असताना व्यापाऱ्याचा हात राहील का? प्रत्येक ढालीवर दुकानाचं नाव, माझा मोबाइल नंबर आणि खाली ठसठशीत लाल अक्षरांत आमचं घोषवाक्य मारून घेतलं: 'पिढ्यान्‌पिढ्या पेलणार.'

रविवार उजाडला. चाळ तीन बाजूंनी, मधे चौक. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत माझ्या चुलतभावाने वर्तक सरांना खुर्ची दिली, पोहे दिले. बाकी गॅलऱ्या आपोआप भरल्या. फ्रान्सिस पंच, गळ्यात गोदीतली शिट्टी. दोन तुकड्या समोरासमोर. मी एका तुकडीच्या मधल्या रांगेत, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट. म्हटलं, रेटा म्हणजे काय तो स्वतःच्या बरगड्यांनी अनुभवू.

पहिला प्रयोग साधा होता. नुसतं फळी धरून समोर चालत यायचं. शिट्टी झाली आणि आम्ही चाललो. आता ढाल डाव्या हातात, म्हणजे आपली उजवी बाजू उघडी. मग माणूस काय करतो? नकळत उजवीकडच्याच्या ढालीआड सरकतो. तो त्याच्या उजवीकडच्याच्या आड. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण आख्खी फळी चालता चालता उजवीकडे ओढली जायला लागली. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं, कुणा जुन्या ग्रीकाने लिहून ठेवलंय. मंग्याला कुठे ठाऊक होतं? तरी तोही सरकत होता. माझ्या अंगावर काटा आला. कुठले ते ग्रीक, कुठली ही गिरणगावची पोरं, आणि भीती मात्र त्याच बाजूला सरकते!

मी त्या काट्यात असल्यामुळे फळी कुठवर सरकली ते बघायचं राहिलं. उजवीकडे चाळीतल्या मोटरसायकली ओळीने लावल्या होत्या. पहिली दुसरीवर पडली, दुसरी तिसरीवर, आणि वरून एक आवाज आला, "ए सुर्वे, ग्रीसमध्ये गाड्या होत्या का रे?" पण मी वर पाहिलं तर वर्तक सर पुढे वाकून बघत होते आणि मान डोलावत होते. मनात म्हटलं, खुर्ची आली.

दुसरा प्रयोग रेट्याचा. दोन्ही फळ्या भिडल्या, मागच्यांनी पुढच्यांच्या पाठीला ढाली लावल्या, शिट्टी. आणि खरं सांगतो, त्या अर्ध्या मिनिटात माझा पक्ष संपला. पुढे मंग्याची ढाल त्याच्याच हनुवटीखाली अडकली, हात हलेना, भाला कुठे गेला पत्ता नाही. मधे माझा पापड झालेला. आणि मागचे? त्यांना काही दिसत नव्हतं, त्यामुळे ते आनंदात रेटत होते. पटापट ड्रॉवरच्या मुठी निखळून खाली पडायला लागल्या. समोरच्या शत्रूला मारणं लांब राहिलं, त्याच्या नाकाला नाक लावून आम्ही उभे. मंग्या त्याला म्हणतोय, "पक्या, तू सकाळी कांदा खाल्लास काय?"

फ्रान्सिसने शिट्टी मारली आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला. बोलला काही नाही. दोस्त असावा तर असा, म्हणजे जास्त लागतं.

तरी मी खचलो नव्हतो. पक्ष गेला तर गेला, वस्तुस्थिती तर हाती लागली. इथेच पोहे खाऊन घरी गेलो असतो, तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं. पण माझ्या यादीत तिसरा प्रयोग होता. धाव घेऊन केलेला हल्ला.

हल्ल्याला हुकूम हवा. 'हल्ला करा' म्हणजे सरकारी वाटतं. आपल्या जुन्या मराठीत कसं, शत्रूवर चढाई करतात, चालून जातात, चढून जातात. मला तो शब्द फार आवडला. हेल्मेटची काच वर केली, छाती भरून श्वास घेतला आणि पथकाला हुकूम सोडला,

"चढा!"

आता तुम्हीच सांगा. गोविंदा पथकाला, लालबागच्या चाळीत, भरलेल्या गॅलऱ्यांसमोर, 'चढा' म्हटलं तर ते काय करतील?

ढाली खाली पडल्याचा एकच आवाज झाला. पुढच्या रांगेने वळून खांदे जुळवले, हात गुंफले. मी "अरे, तसं नाही" म्हणेपर्यंत मागच्यांनी माझ्या काखेत हात घातले होते. वर्षानुवर्षांची सवय हो. मधल्या रांगेतला तो दुसऱ्या थराचा, एवढा त्यांचा हिशोब. मधल्या रांगेत मी होतो. माझा एक पाय मंग्याच्या मांडीवर, दुसरा कुणाच्या तरी कमरेवर, आणि पुढच्या क्षणी मी दोन खांद्यांवर उभा. हातात ढाल तेवढी घट्ट धरलेली, कारण ती माझी होती.

समोरची तुकडी काय बघत बसणार? एका पथकाचा थर लागला की दुसऱ्याला राहवत नाही. त्यांनीही लावला. कुणीतरी ताशा आणला. गॅलरीतून रिवाजाप्रमाणे पाण्याच्या बादल्या ओतल्या गेल्या. मोबाइल तर सगळ्यांचेच वर होते. मी "खाली, खाली" ओरडत होतो, पण हेल्मेटची काच पडली होती. बाहेर नुसतं 'ऊं ऊं' जात होतं आणि लोकांना वाटलं शेठ जोशात आहेत.

काच वर केली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दोन चपला होत्या. काळ्या, जुन्या, स्वच्छ पुसलेल्या. मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीशी पोचलो होतो आणि त्या चपला वर्तक सरांच्या होत्या.

सर कठड्यावरून वाकले. चष्म्यावर पाण्याचे थेंब होते. आवाज तोच, शांत.

"सुर्वे, हा भाग ग्रीकांचा की रोमनांचा?"

झाली फजिती ती कबूल करून खाली उतरायचं, हा एक मार्ग होता. पण ती संध्याकाळ, तो मंच, ती खुर्ची माझ्या डोळ्यांपुढून त्या चपलांइतक्याच जवळून निघून चालली होती. मी म्हणालो, "रोमनांचा, सर."

"ते असे चढत असत?"

"चढत ना. तटाच्या भिंतीला."

"आधार आहे?"

आणि तोंडातून निघून गेलं, "आहे ना."

खाली मंग्या कण्हत म्हणाला, "शेठ, आमचा पण आधार बघा जरा."

त्या रविवारपासून माझी झोप उडाली. सरांनी कार्यक्रमपत्रिकेत छापून टाकलं: 'फळी का फुटते? प्राचीन पायदळाविषयी काही प्रयोग, प्रात्यक्षिकासह.' आता गोडाऊनमध्ये नसलेला माल आणायचा कुठून? मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उलटलं. गिऱ्हाइकांना बिजागऱ्यांऐवजी खिळे दिले. इकडे फोन वेगळेच यायला लागले, कारण चौकातला व्हिडिओ सगळीकडे फिरत होता आणि ढालीवरचा नंबर स्पष्ट दिसत होता. एका बाईंनी विचारलं, मुंजीला थर लावून मिळतील का?

आणि मग, विश्वास ठेवा, माल सापडला. रोमन सैनिक खरोखर चढत! ढाली डोक्यावर धरून एकमेकींना जोडायच्या, कासवाच्या पाठीसारखं छप्पर करायचं, आणि दुसऱ्यांनी त्या छपरावर पाय देत तटावर चढायचं. मी दुकानातच नाचलो. थाप मारली ती खरी निघाली. असं भाग्य धंद्यात फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

मी लगेच फ्रान्सिसला फोन लावला. तो सगळं ऐकून म्हणाला, "छान. पण त्यांच्या ढालीला बाक होता ना? आणि वर कातडं. तुझी सपाट आहे रे."

मी म्हणालो, "तू धाक पक्षाचा, तू घाबरवणारच."

व्याख्यानाची संध्याकाळ. गिरगावातलं ते सभागृह तुम्ही पाहिलं नसेल. दोन्ही बाजूंना छतापर्यंत कपाटं, माझ्याच प्लायची, आणि मधे खुर्च्या. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. पहिल्या रांगेत वर्तक सर, दुसरीत बायको नवी साडी नेसून, मागे फ्रान्सिस आणि अर्धी चाळ.

आणि मी बोललो बरं का. माझं मलाच खरं वाटेना. फळी उजवीकडे का सरकते ते सांगितलं, मोटरसायकलींसकट. रेट्याचा पक्ष माझा होता आणि माझ्याच बरगड्यांनी तो खोटा पाडला, हेही सांगितलं. आमच्या दुकानापुढची ती रांग सांगितली. लोक हसत होते, मग गप्प होऊन ऐकत होते. एक गृहस्थ काहीतरी लिहून घेत होते. बायकोने शेजारणीला कोपराने ढोसून "ते आमचे" असं सांगितलेलं मी मंचावरून पाहिलं. इथे पडदा पडला असता तर?

पण पत्रिकेत 'प्रात्यक्षिकासह' छापलेलं. मंग्या आणि त्याचे चौघे मंचावर आले, गुडघ्यावर बसले, ढाली डोक्यावर धरून कडेला कड जोडली. सुंदर छप्पर झालं. ठरल्याप्रमाणे पथकातला सगळ्यात हलका गडी, पक्या, वर चढणार होता. तो चप्पल काढून पुढेही आला.

पण टाळ्या वाईट असतात हो. त्यांची चव लागली की माणूस आपलं वजन विसरतो. मी पक्याला हाताने थांबवलं आणि श्रोत्यांना म्हणालो, "दुसऱ्याला कशाला? ज्याचा माल, त्यानेच उभं राहावं."

दुसऱ्या रांगेत बायकोने मान हलवली. नाही, नाही, नाही. मागून फ्रान्सिसनेही हलवली. मी पाय ठेवला. पहिलं पाऊल कडेवर, जिथे दोन ढाली भिडतात. पेललं! दुसरं पाऊलही पेललं. मी दोन्ही हात वर केले, टाळ्या पडल्या, आणि त्या आनंदात मी तिसरं पाऊल टाकलं ते बरोब्बर मधोमध.

कड्!

उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. वर अर्धा मी, खाली पाय आणि त्याच्या शेजारी मंग्याचा चेहरा. ढालीखालून मंग्याचा आवाज आला, "शेठ, निदान बूट तरी काढायचे."

मला उचलून मंचावर उभं केलं, पण ढाल मांडीतून निघेना. फुटलेल्या धारा खाली वळून पँटीत उलट्या अडकल्या होत्या. 'पिढ्यान्‌पिढ्या' पुढे दिसत होतं आणि 'पेलणार' मधून माझा पाय बाहेर आला होता. मी तसाच, सहा एमएमचा घागरा नेसल्यासारखा, हात जोडून उभा राहिलो.

वर्तक सर आभार मानायला उठले. त्यांनी हसू दाबलेलं नव्हतं, कारण त्यांना आलंच नव्हतं. ते म्हणाले, आजवर या मंचावर अनेक विद्वान येऊन गेले, पण विषयाच्या इतका आत कुणी शिरलं नव्हतं. फळी का फुटते, हे आपण ऐकलं आणि पाहिलंही. वक्त्यांचे मनःपूर्वक आभार.

टाळ्या झाल्या. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुटलो.

"फक्त एक शंका," सर म्हणाले आणि सावकाश मान वळवून डाव्या भिंतीकडे पाहू लागले. "आमच्या कपाटांच्या फळ्या तुमच्याकडच्याच ना?"

सगळं सभागृह वळलं. छतापर्यंत कपाटं, कपाटांत जाडजूड बांधीव ग्रंथ, आणि ग्रंथांखाली श्रोते. मग डाव्या भिंतीकडची माणसं खुर्च्यांसकट हळूहळू उजवीकडे सरकायला लागली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. माझा प्रयोग इतका चोख कधीच झाला नव्हता.

मी घाईघाईने म्हणालो, "सर, त्या एकोणीस एमएम आहेत. ही सहा. त्यांच्यावर हत्ती उभा राहील."

वर्तक सरांनी कपाटाकडे हात केला. आवाज तोच, शांत.

"हत्ती कशाला? तुम्ही आहात ना. चढा."

मागे फ्रान्सिसने शिट्टी वाजवली.

माल एकोणीस एमएमचाच होता, आजही आहे, पावती दाखवतो हवी तर. पण इतकी वर्षं धंद्यात काढली, गिऱ्हाइकाला कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी, मांडीत ढाल घालून, भर मंचावरून म्हटलं.